एक पायरी मागे

"जेवायला ये," अशी हाक गेली की आतल्या खोलीतून उत्तर येतं, "आलोच!" उत्तर देणारा तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. 'आलो' हे रूप भूतकाळाचं, येणं मात्र अजून व्हायचं आहे. ठेच लागल्यावर "मेलो, मेलो" म्हणून ओरडणारा माणूस चांगला जिवंत असतो. "या वेळी नापास झालास तर गेलास," असा दम भरणाऱ्या बापाच्या वाक्यात दोन भूतकाळ आहेत आणि दोन्ही गोष्टी पुढच्या निकालानंतरच्या. एवढंच कशाला, शेजारी दारात येऊन "तुमच्याकडे जरा काम होतं" म्हणतो तेव्हा ते काम संपलेलं नसतं. ते आत्ताच आहे. फक्त 'आहे' म्हणणं त्याला थोडं आगाऊपणाचं वाटतं.

मराठीत वाढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. भूतकाळाचं रूप म्हणजे दरवेळी घडून गेलेली गोष्ट नसते, हे त्याच्या कानाला ठाऊक असतं. गंमत अशी, की इंग्रजीच्या तासाला बसला की तोच माणूस हे शहाणपण विसरतो. 'पास्ट टेन्स म्हणजे होऊन गेलेलं' ही एकच व्याख्या धरून बसतो आणि दोन ठिकाणी हमखास अडखळतो. एक, दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडाने सांगताना. शाळेच्या भाषेत डायरेक्ट-इनडायरेक्ट. दुसरं, 'इफ'ची वाक्यं करताना. पुस्तकात हे दोन निराळे धडे असतात, त्यांचे दोन निराळे तक्ते असतात, आणि दोन्ही तक्ते तोंडपाठ असूनही बोलताना 'विल' की 'वुड' हा घोळ सुटत नाही. वास्तविक दोन्ही धड्यांच्या मुळाशी असलेली हालचाल एकच आहे: क्रियापद एक पायरी मागे नेणं.

भारतातल्या इंग्रजी व्याकरणाच्या तक्त्यांविषयी बोलायचं तर 'रेन अँड मार्टिन'ला वळसा घालून जाता येत नाही. यातले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. 1903 पासून ते इथल्या सरकारी शिक्षण सेवेत होते आणि कराचीच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. याच गृहस्थांनी 1924 मध्ये 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या सैनिकांची साहसकथा लिहिली. ती तुफान गाजली, हॉलिवूडने तिच्यावर एकाहून अधिक चित्रपट काढले. सहारातल्या किल्ल्यावरची लढाई रंगवणारा कादंबरीकार आणि 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करायला लावणारा व्याकरणकार एकच, हे वर्गात कुणी सांगत नाही. सांगितलं तर तास थोडा बरा जाईल. एच. मार्टिन यांच्याबरोबरचं त्यांचं व्याकरण 1930च्या दशकात आलं आणि आजही दुकानात मिळतं.

त्या परंपरेतला तक्ता सर्वांना माहीत आहे. सांगणारं क्रियापद भूतकाळी असेल तर आतलं क्रियापद मागे न्यायचं. 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड', 'सॉ'चं 'हॅड सीन'. शिवाय 'नाऊ'चं 'देन', 'हिअर'चं 'देअर'. तक्ता चुकीचा नाही. पण बदल का करायचा हे तो सांगत नाही, आणि कारण न कळता केलेला बदल फसतो. सोमवारी सकाळी एक सहकारी फोनवर म्हणते, "आय विल कम टुमॉरो." दुपारी साहेब विचारतात, ती कधी येणार? तक्ता पाठ केलेला कारकून सांगतो, "शी सेड शी वुड कम द नेक्स्ट डे." साहेब गोंधळतात. कुणाच्या दुसऱ्या दिवशी? सोमवारी दुपारीही 'टुमॉरो' म्हणजे मंगळवारच असतो, तेव्हा "शी सेड शी वुड कम टुमॉरो" एवढंच पुरे होतं. हीच गोष्ट गुरुवारी सांगायची असती तर 'द नेक्स्ट डे' बरोबर ठरलं असतं. म्हणजे शब्द बदलतो तो सांगणाऱ्याच्या पायाखालची जमीन बदलली म्हणून. तक्त्यात लिहिलंय म्हणून नाही.

क्रियापदाचंही तेच. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना निवेदक आपली खुर्ची सोडत नाही. तो आज बसलेला आहे, बोलणं काल झालं, म्हणून त्या बोलण्यातला वर्तमान त्याच्या दृष्टीने मागे पडला. रमेश काल म्हणाला, "आय अॅम इल." आज सांगताना ते "रमेश सेड ही वॉज इल" होतं. इंग्रजी व्याकरणाचे अभ्यासक याला 'बॅकशिफ्ट' म्हणतात. क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या 1985 सालच्या बृहद् व्याकरणातही हाच शब्द आहे.

मराठी निवेदक मात्र खुर्ची सोडून थेट बोलणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो. "रमेश म्हणाला, की मी आजारी आहे." यातला 'मी' रमेश, आणि 'आहे'ही रमेशचाच. मध्ये 'की' आला म्हणून ना पुरुष बदलला, ना काळ. 'तो आजारी आहे' असं म्हटलं तरी चालतं, पण तेव्हाही 'आहे' जागचा हलत नाही. मराठी वर्तमानपत्रं हेच उलट्या क्रमाने करतात: "पुढच्या आठवड्यात राज्यात पाऊस पडेल, असे हवामान विभागाने सांगितले." 'सांगितले' भूतकाळ, 'पडेल' भविष्यकाळ, कुणालाही खटकत नाही. हीच बातमी इंग्रजीत करताना सहसा 'वुड' येतं, आणि मराठीतून इंग्रजीत बातमी करणाऱ्या नवशिक्या उपसंपादकाची पहिली चूक बहुधा इथेच होते.

यात मराठीचं काही उणं आहे असं नाही. रशियन आणि जपानी भाषाही मूळ बोलण्याचा काळ तसाच ठेवतात. इंग्रजी शिकताना रशियन विद्यार्थीही याच जागी अडखळतात. उलट लॅटिनमध्ये मुख्य क्रियापदामागे दुय्यम क्रियापदाने कसं चालायचं याची कडक शिस्त होती. जर्मनची तऱ्हा तर आणखी वेगळी. तिथे ऐकीव बोलण्यासाठी क्रियापदाचं खास रूपच आहे. 'तो आजारी आहे असं तो म्हणाला' हे सांगताना जर्मन वार्ताहर 'इस्ट'च्या जागी 'झाय' लिहितो, आणि हे विधान माझं नव्हे, त्याचं आहे, हे वाचकाला त्या एका रूपावरून कळतं.

इथे एक आडवाट घ्यायला हरकत नाही. जबाबदारी झटकण्याचं काम मराठीत कोण करतं? 'म्हणे'. "मंत्री राजीनामा देणार आहेत" आणि "मंत्री म्हणे राजीनामा देणार आहेत" या दोन वाक्यांत काळ तोच आहे. पण दुसऱ्यात बोलणाऱ्याने हात वर केले आहेत. स्वर जरा लांबवला, तर त्याला ही बातमी थाप वाटते हेही कळतं. क्रियापदाला हात न लावता मराठी जे 'म्हणे'तून साधते, त्यातलं बरंचसं इंग्रजी काळ मागे नेऊन साधते.

सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त घ्या. सचिव सभेत म्हणाले, की लिफ्ट मार्चपर्यंत दुरुस्त होईल. इंग्रजी इतिवृत्तात "द सेक्रेटरी सेड द लिफ्ट वुड बी रिपेअर्ड बाय मार्च" असं लिहिलं की वचन सचिवांच्या खात्यावर जमा होतं. मार्च उलटून गेला आणि लिफ्ट बंदच राहिली तरी इतिवृत्त खोटं पडत नाही. 'विल बी रिपेअर्ड' लिहिणाऱ्याने नकळत स्वतःचीही मान त्यात अडकवलेली असते: मार्च अजून पुढे आहे आणि हे वचन अजून चालू आहे, असं तो म्हणतो. मार्चपूर्वी तसं लिहिणं व्याकरणात बसतं. मे महिन्यात तसं लिहिता येत नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटचा 'हॅन्सार्ड' हा वृत्तांतही एकोणिसाव्या शतकात बराचसा असाच असे. अमुक सदस्य म्हणाले, की त्यांचं मत असं होतं, या थाटाचा. 1909 पासून सभागृहाने वृत्तांताचं काम स्वतःकडे घेतलं आणि भाषणं प्रथमपुरुषी, जवळपास बोलल्याबरहुकूम छापली जाऊ लागली. मागे नेलेल्या क्रियापदांची गरजच तिथे उरली नाही.

आता त्या प्रसिद्ध अपवादाकडे. गुरुजी म्हणाले, पृथ्वी सूर्याभोवती फिरते. इथे 'गोज'चं 'वेंट' करायचं नाही, कारण हे त्रिकालाबाधित सत्य, असं शिकवलं जातं. नियम असा सांगितल्यामुळे मुलांची समजूत होते की काळ न बदलण्याची सवलत फक्त सूर्य, पृथ्वी आणि उकळत्या पाण्याला आहे. तसं नाही. सांगण्याच्या क्षणी गोष्ट अजून खरी असेल आणि सांगणाऱ्याला ती तशी मांडायची असेल, तर कुठल्याही साध्या गोष्टीला ही सवलत मिळते. "शी सेड शी लिव्ह्ज इन नागपूर" हे उत्तम इंग्रजी आहे, ती अजून नागपुरात राहत असेल तर. 'लिव्ह्ड' म्हटलं तरी चूक नाही. त्याचा अर्थ ती नागपूर सोडून गेली असाही होत नाही. आणि गमतीचा भाग म्हणजे पृथ्वीच्या वाक्यातही काळ मागे नेला तर आभाळ कोसळत नाही. गॅलिलिओ काय म्हणाला हे सांगताना इंग्रज इतिहासकार बेधडक 'मूव्ह्ड' लिहितो, कारण त्याला पृथ्वीपेक्षा गॅलिलिओच्या म्हणण्यात रस असतो.

'सॉ'चं 'हॅड सीन' करण्याचाही असाच अतिरेक होतो. "मी लहान असताना साताऱ्यात राहत होतो," असं कुणी म्हणालं, तर "ही सेड ही लिव्ह्ड इन सातारा व्हेन ही वॉज अ चाइल्ड" हे सरळ वाक्य आहे. लहानपण आधीचं असतं हे सांगायला 'हॅड'ची कुबडी लागत नाही. घटनांचा क्रम उलटसुलट समजण्याची भीती असेल तिथे 'हॅड' हवा. 'मस्ट'ला तर मागे जायला जागाच नाही, कारण ते मुळातच एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. म्हणून सक्ती मागे न्यायची तर 'हॅड टू'ची मदत घ्यावी लागते किंवा 'मस्ट' आहे तसाच ठेवला जातो. 'वुड', 'कुड', 'माइट', 'शुड' हीदेखील 'विल', 'कॅन', 'मे', 'शॅल' यांची जुनी भूतकाळी रूपंच आहेत. हे एकदा ध्यानात आलं की 'इफ'च्या वाक्यांचं कुलूप निम्मं उघडतं.

शाळेत ही वाक्यं क्रमांक देऊन शिकवतात: पहिला प्रकार, दुसरा, तिसरा. सामना आणि पाऊस घेऊन ती एकाखाली एक ठेवून बघावीत. "इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड." पाऊस पडू शकतो, ढगही आहेत. "इफ इट रेन्ड, द मॅच वुड बी कॅन्सल्ड." पडेलसं वाटत नाही, पण समजा. "इफ इट हॅड रेन्ड, द मॅच वुड हॅव बीन कॅन्सल्ड." पडला नाही, सामना झाला, विषय संपला. 'रेन्स'चं 'रेन्ड' आणि 'विल'चं 'वुड' झालं, ते अगदी रमेशच्या 'अॅम'चं 'वॉज' झालं तसंच. तिसऱ्या वाक्यात आणखी एक पायरी. रमेशच्या वाक्यात क्रियापद मागे गेलं कारण बोलणं जुनं झालं होतं; 'इफ'च्या वाक्यांत ते मागे जातं कारण गोष्ट वास्तवापासून लांब आहे. इंग्रजीचं भूतकाळी रूप काळातलं अंतर दाखवतं, वास्तवापासूनचं अंतर दाखवतं आणि माणसामाणसांतलं अदबीचं अंतरही दाखवतं. "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प" म्हणणारा इंग्रज आणि "जरा काम होतं" म्हणणारा शेजारी एकाच जातीचे.

पहिल्या वाक्याच्या 'इफ'च्या भागात भविष्यकाळ का नाही, हा प्रश्न प्रत्येक पिढी विचारते. पाऊस उद्या पडायचा आहे, मग 'इफ इट विल रेन' का नको? मराठीला विचारलं तर ती म्हणेल, माझ्याकडे तरी कुठे आहे? 'पाऊस पडेल तर' असं कोण बोलतं? आपण 'पडला तर' म्हणतो. इंग्रजी अटीत वर्तमानाचं रूप घेते, मराठी भूतकाळाचं. साधं भविष्य दोघींनाही तिथे नको असतं. तरीही मराठी विद्यार्थी 'इफ इट विल रेन' लिहितो, याचा दोष मराठीचा नाही. 'उद्या' म्हटलं की 'विल' ही घोकंपट्टी त्याला भोवते. 'विल' अटीत येऊ शकतं, पण तेव्हा त्याचा अर्थ राजीखुशीचा असतो. "इफ यू विल वेट हिअर," म्हणजे आपण इथे थांबण्याची कृपा केलीत तर.

जर-तर सोडून 'जो-तो'च्या वाटेने गेलं तर मात्र मराठीत भविष्यकाळ खुशाल येतो. 'कसेल त्याची जमीन' ही कूळकायद्याच्या काळातली घोषणा, 'शिकेल तो टिकेल' ही शाळांच्या भिंतींवरची. कायद्याची मराठीही याच वळणाची: जो कोणी अमुक अपराध करील, त्याला अमुक शिक्षा होईल. इंग्रजीत 1860 सालच्या दंडसंहितेपासून अपराधाचा भाग साध्या वर्तमानात आणि शिक्षेचा भाग 'शॅल'ने, अशी रचना आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठातही ती टिकून आहे. अट वर्तमानात, परिणाम पुढे: शाळेतला पहिला प्रकारच हा, फक्त पोलिसी पोशाखातला.

मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची 1910 मध्ये पुस्तकात आलेली 'इफ' ही कविता याचा सर्वांत लांबलचक नमुना. 32 ओळींची ही कविता म्हणजे जवळजवळ एकच वाक्य आहे. अटीमागून अटी येत राहतात, त्यांत 'विल' हे सहायक क्रियापद एकदाही डोकावत नाही, आणि शेवटच्या दोन ओळींत परिणाम येतो तेव्हाच ते भविष्य उघडं होतं. शिक्षकांनी तक्ता बाजूला ठेवून ही कविता क्रियापदं मोजत वाचून घेतली तर एक तास सत्कारणी लागेल.

मराठी माणसाची खरी अडचण दुसऱ्या प्रकारात आहे, कारण मराठीत ही मधली पायरी स्वतंत्र नाही. "लॉटरी लागली तर घर घेईन" हे वाक्य खिशात तिकीट असलेला माणूसही म्हणतो आणि आयुष्यात तिकीट न काढलेला माणूसही म्हणतो. फरक दाखवायचाच तर आपण 'समजा' किंवा 'चुकून' घालतो. इंग्रजीत मात्र पहिला 'इफ आय विन, आय विल' म्हणतो आणि दुसरा 'इफ आय वन, आय वुड'. उलट बाजूने, वर्तमानातली अशक्य गोष्ट मराठी थेट तिसऱ्या पायरीवर ढकलते. "माझ्याकडे पैसे असते तर ती गाडी घेतली असती." हे आजचं आहे की गेल्या दिवाळीचं? वाक्यावरून कळत नाही. इंग्रजीला ठरवावंच लागतं. आजचं असेल तर "इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय इट." गेल्या दिवाळीचं असेल तर "इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट इट." तो दुहेरी 'हॅड' छापखान्याची चूक नाही, एक पायरी दाखवणारा, दुसरा पैसे बाळगणारा.

हा फरक कधी कधी महागात पडतो. मित्र नोकरीच्या पेचात आहे. त्याला सल्ला द्यायचा आहे: "मी तुझ्या जागी असतो तर राजीनामा दिला असता." शब्दाला शब्द ठेवून कुणी "इफ आय वर यू, आय वुड हॅव रिझाइन्ड" म्हटलं, तर इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं की राजीनाम्याची वेळ निघून गेली आणि आपण ती दवडली. द्यायचा होता सल्ला, पोचला ठपका. 'आय वुड रिझाइन' म्हणायला हवं होतं.

आपल्या व्याकरणकारांनी या प्रांताचा विचार फार पूर्वीच केला आहे. संस्कृतातला 'लृङ्' हा लकार पाणिनीने नेमका याच कामाला लावला: अट असावी आणि क्रिया निष्पन्न न व्हावी. त्याचा शब्द 'क्रियातिपत्ति', म्हणजे क्रिया हातची निसटणं. मराठीत याला 'संकेतार्थ' म्हणतात; स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ यांच्या पंक्तीतला चौथा. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त अशा विषयांची चर्चा आजच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा किती तरी सखोल आहे. मराठीच्या तासाला 'संकेतार्थ' आणि इंग्रजीच्या तासाला 'कंडिशनल' हे एकाच दिवशी एकाच वर्गात शिकवले जातात, आणि दोन्ही शिक्षक एकमेकांशी त्याबद्दल बोलत नाहीत, याचं आश्चर्य वाटतं.

'इफ आय वर' मधला 'वर' हा जुन्या इंग्रजी संकेतार्थाचा उरलेला तुकडा आहे. बोलताना इंग्रज माणसं 'इफ आय वॉज'ही सर्रास म्हणतात. लेखनात, आणि 'इफ आय वर यू'सारख्या मुरलेल्या प्रयोगात, 'वर' अजून घट्ट आहे. पण 'इफ'नंतर भूतकाळ दिसला की ते काल्पनिकच, असं समजू नये. "इफ ही वॉज होम यस्टरडे, ही सॉ द नोटिस," असं एखादा वकील म्हणतो तेव्हा त्यात कल्पना काहीच नाही. काल तो घरी होता की नव्हता हे वकिलाला ठाऊक नाही, इतकंच. इथे 'वर' घालणं चूक ठरेल. आणखी एक सवय: 'इफ आय वुड हॅव नोन'. अमेरिकेत बोलताना ती बरीच ऐकू येते, पण परीक्षेत आणि छापील इंग्रजीत अजून तिला दार बंद आहे. 'इफ आय हॅड नोन' हेच लिहावं.

क्रमांकांच्या चौकटीत न बसणारी वाक्यंही पुष्कळ असतात आणि ती शुद्ध असतात. "इफ आय हॅड टेकन द सेव्हन टेन लोकल, आय वुड बी इन ठाणे नाऊ." गाडी चुकली ती मघाशी, म्हणून 'हॅड टेकन', ठाण्यात नसणं आत्ताचं, म्हणून नुसतं 'वुड बी'. प्रत्येक क्रियापद आपापल्या अंतराप्रमाणे मागे गेलं आहे. प्रकार दुसरा की तिसरा, हे विचारण्यात अर्थ नाही.

दोन्ही धडे एकमेकांत मिसळतात तेव्हा तर मजा येते. सचिव म्हणाले, "इफ आय गेट द मनी, आय विल रिपेअर द लिफ्ट." पैसे येण्याची आशा आहे. सांगताना ते होतं, "ही सेड इफ ही गॉट द मनी, ही वुड रिपेअर द लिफ्ट." आता समजा सचिव निराश होते आणि मुळातच म्हणाले, "इफ आय गॉट द मनी, आय वुड रिपेअर द लिफ्ट." सांगताना? अक्षरशः तेच वाक्य. आशावादी सचिव आणि हताश सचिव इतिवृत्तात एकसारखे दिसतात. दुसऱ्या प्रकाराला आणखी मागे रेटावं, तर ते तिसऱ्या प्रकारात जाऊन पडतं आणि पैसे आलेच नाहीत असा भलताच अर्थ होतो; म्हणून ते जागीच ठेवायचं. तिसऱ्याला तर मागे जायला पायरीच शिल्लक नसते. नेमके शब्द महत्त्वाचे असतील तिथे जाणता वार्ताहर अवतरणचिन्हांचा आसरा घेतो तो यासाठी.

कथा-कादंबऱ्यांत या मागे गेलेल्या क्रियापदांनी आणखी एक करामत केली. 'ती म्हणाली', 'तिला वाटलं' हे सांगाडे काढून टाकून पात्राचं मन थेट निवेदनात ओतायचं, पण क्रियापदं मागचीच ठेवायची. जेन ऑस्टिनची 1815 सालची 'एमा' या शैलीसाठी अभ्यासली जाते. स्विस भाषाशास्त्रज्ञ शार्ल बाली यांनी 1912 मध्ये फ्रेंचमधल्या अशाच शैलीला नाव दिलं. यात 'टुमॉरो' आणि 'वुड' एकाच वाक्यात सुखाने नांदतात. मराठी अनुवादक इथे फसतात. नायिका रात्री जागी आहे, उद्या तो येईल का या विचारात. इंग्रजीत 'वुड ही कम टुमॉरो?' असतं, म्हणून अनुवादात 'तो उद्या येणार होता का?' असं अवतरतं, आणि वाचकाला वाटतं बेत रद्द झाला. मराठीला तिथे 'उद्या येईल का तो?' एवढंच हवं असतं. अनुवादित कादंबऱ्यांत पानोपानी जे अनाथ 'होता-होती-होतं' भेटतात, त्यांतले पुष्कळसे असे न उलगडलेले बॅकशिफ्ट असतात.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना या निमित्ताने एक विनंती. 'इनडायरेक्ट करा' म्हणून नुसतं अवतरणातलं वाक्य देऊ नका. ते कुणी, कुठे, कधी म्हटलं आणि आता कोण, कधी सांगतं आहे, हे एका ओळीत द्या. 'इफ'च्या प्रश्नात गोष्ट घडण्याजोगी आहे, कल्पनेतली आहे की हातची गेली आहे, ते सांगा. मग 'टुमॉरो' ठेवणाऱ्या मुलाचा गुण कापण्याआधी तपासनिसालाही कॅलेंडर बघावं लागेल.